वेर्णा-कुंडईच्या खोल्यांतली गरोदर बाई: पहिल्या नोंदणीपासून अंतराच्या (गर्भनिरोधक सुई) दुसऱ्या सुईपर्यंत नेमकं कुठे निसटतं?

तांबडी माती:
गोव्यात बाळंतपण दवाखान्यातच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ते प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे आणि एकूण जननदर १.३. हे आकडे बघून आपल्याकडे काम संपलं असं धरलं जातं. पण तो आकडा एका दिवसाचा आहे. त्या दिवसाआधीचे आठ महिने आणि नंतरचं वर्ष याबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने राहून पुढच्या साइटवर जाणारं कुटुंब अशा पाहणीतून सहसा सुटतंच.

म्हणून हा धागा फक्त एका गटापुरता: वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतींभोवती भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, झुआरीनगर-बायणा भागातल्या आणि बांधकामांवरच्या बायका. बहुतेक जणी यादगीर, रायचूर, बागलकोटकडच्या. ओडिशा, झारखंड, छत्तीसगडमधल्याही. यातल्या कोणालाही सरकारी दवाखान्याचं दार बंद नाही. तरी पहिली तपासणी पाचव्या-सहाव्या महिन्यात होते, लोहाच्या गोळ्या अर्ध्यावर सुटतात, आणि बाळ सहा महिन्यांचं होण्याआधी परत दिवस राहतात. दार उघडं असून असं का होतं आणि ते रोखायला नेमकं काय करायचं, एवढंच लिहा. ज्यांना कामाची माहिती आहे त्यांनी मात्रा आणि तारखांसकट लिहावं.

अबोली:
नोंदणीपासून सुरू करते, कारण पहिली गळती तिथेच आहे.

आधार कार्डावर गावचा पत्ता असला तर गोव्यात नोंदणी होत नाही, असा समज बायकांमध्ये पक्का आहे, आणि क्वचित खिडकीवरचा माणूसही तेच सांगतो. हे चूक आहे. गरोदरपणाची नोंदणी राहत्या ठिकाणी होते, अधिवासाचा दाखला लागत नाही. आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल आरोग्य नोंदीतला तिचा क्रमांक) एकदा पडला की तो देशभर चालतो. पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा पुरावा, रेशनकार्ड, घरमालकाचं पत्र यातलं काहीही तपासणीसाठी मागायचं नसतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. त्यालाही अधिवासाची अट नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला (गोव्याची आरोग्य विमा योजना) पाच वर्षं वास्तव्याची अट आहे. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि बाई घाबरून घरी बसते.

पैशांच्या योजना वेगळ्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि लसींचा पहिला फेरा पुरा झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. पात्रतेच्या पुराव्यांत ई-श्रम कार्ड चालतं, आणि मजूर बाईला ते काढणं सगळ्यात सोपं. अर्ज अंगणवाडीतून होतो. अडकतं ते बँक खात्यावर. खातं नवऱ्याचं असतं किंवा तिचं खातं आधारशी जोडलेलं नसतं, आणि पैसे फिरून परत जातात. पहिल्या भेटीतच खातं तपासून घ्या, आठव्या महिन्यात नव्हे.

पाणवठा:
एक प्रश्न. इतर राज्यांत हे सगळं आशाताई करतात ना? इथे कोण करतं?

अबोली:
गोव्यात आशांचं जाळं नाही. उपकेंद्राची एएनएम (परिचारिका), बहुउद्देशीय कार्यकर्ते आणि अंगणवाडी सेविका, एवढेच हात. त्याचे दोन परिणाम होतात. घरपोच निरोध-गोळ्या पोचवण्याची किंवा दोन बाळांत अंतर राहावं म्हणून घरी जाऊन पाठपुरावा करण्याची जी साखळी दुसरीकडे आशांवर उभी आहे, ती इथे नाही. आणि एका उपकेंद्राची कागदावरची लोकसंख्या ५,००० असली तरी वसाहतीच्या कडेच्या गावात प्रत्यक्ष माणसं कितीतरी जास्त असतात. मतदार यादी किंवा घरपट्टीवरून मोजणी केली तर भाडेकरू दिसतच नाहीत.

खाजन:
इथे गोव्यात एक सोय आहे, ती वापरली जात नाही. सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार कंत्राटदाराला मजुरांचं हेल्थ कार्ड काढावं लागतं आणि त्यासाठी हिवतापाची रक्ततपासणी होते. म्हणजे ज्या शेडमध्ये एएनएम पोचत नाही तिथे हिवतापाचा कार्यकर्ता नेमाने जातो. टाक्या बघतो, तापाचे रुग्ण शोधतो, रक्ताचे नमुने घेतो. त्याच्या वहीत दोनच रकाने वाढवायचे: "शेवटच्या पाळीची तारीख" आणि "सहा महिन्यांखालचं मूल". आठवड्याअखेरीला ती पानं उपकेंद्राच्या एएनएमकडे द्यायची. नवीन माणूस नको, नवीन गाडी नको.

हे हिवतापासाठीही गरजेचं आहे, सोय म्हणून नव्हे. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापाच्या रुग्णाला क्लोरोक्विनबरोबर प्रायमाक्विन देतात, पण गरोदर बाईला प्रायमाक्विन चालत नाही. तिला फक्त क्लोरोक्विन. म्हणून पाळीची तारीख विचारल्याशिवाय गोळ्यांचा पुडा हातात देणंच चुकीचं आहे. आणि गरोदरपणात हिवताप झाला की हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं, बाळाचं वजन कमी भरतं.

अडचण अशी की विचारणारा बहुतेक वेळा पुरुष असतो, आणि बाई त्याला पाळीबद्दल सांगत नाही. त्यावर तोडगा: तो शेडमधल्या एका वयस्क बाईला आधी सांगून ठेवतो, आणि ती दोन वाक्यांत बाकीच्यांची माहिती देते. तपशील एएनएम नंतर भरते. त्याने फक्त कोणत्या शेडमध्ये जायचं एवढंच कळवायचं.

करमल:
खाजन, मुद्दा पटला. पण एक धोका आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकाजवळ उभं राहून गरोदरपण विचारलं तर त्या बाईचं काम जाऊ शकतं. ही माहिती मुकादमाला दिसता कामा नये. वही वेगळी, नाव न लिहिता खोली क्रमांक, आणि विचारणं कामाच्या जागी नाही, राहत्या जागी, संध्याकाळी.

खाजन:
मान्य. खोली क्रमांकच.

तांबडी माती:
नोंदणी झाली असं धरू. पुढे गोळ्या का सुटतात?

रानजाई:
गोळ्यांचं सविस्तर लिहिते. या गटात सगळ्यात जास्त नुकसान रक्तक्षयाने होतं आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आधी मोजणी. बोटातून रक्त घेताना बोट दाबून-दाबून थेंब काढला तर त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं. पहिला थेंब पुसायचा, दुसरा आपोआप येऊ द्यायचा. स्पिरिट सुकण्याआधी टोचलं तरी आकडा बिघडतो. डिजिटल यंत्राच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर गोव्याच्या पावसाळ्यातल्या दमटपणाने पट्ट्या खराब होतात. डबी लगेच बंद करा, उघडल्याची तारीख झाकणावर लिहा.

गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय. ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. रक्तक्षय नसला तरी चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्तक्षय असेल तर रोज दोन. महिन्याने परत मोजायचं. एक ग्रॅमही वाढलं नसेल तर दोन शक्यता: ती गोळ्या घेत नाही, किंवा कारण लोहाचं नाही. छत्तीसगड, ओडिशा, झारखंडकडच्या बाईची सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे, थॅलेसेमियाची वाहक आहे का तेही बघावं. नुसत्या गोळ्या वाढवत नेऊन काही साधत नाही.

गोळ्या सुटण्याची कारणं ठरलेली आहेत. मळमळ, काळी शी, बद्धकोष्ठ. काळी शी होणार हे पहिल्या दिवशी सांगितलं तर बाई घाबरत नाही. नाही सांगितलं तर "पोट जळालं" म्हणून ती पुडा फेकते. रात्री जेवणानंतर दोन तासांनी घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह शोषलं जात नाही, आणि या बायकांचा सकाळचा नाश्ता बहुतेक वेळा चहा-पावच असतो. कॅल्शियमची गोळी (५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ आठवड्यांपासून) लोहाबरोबर घेतली तर दोन्हींचा उपयोग कमी. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह रात्री. पुड्यांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले की वाचता न येणारीलाही कळतं. दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी, अल्बेंडॅझोल ४०० मिलिग्रॅम, एकदाच. ती समोरच खायला लावायची.

सहाव्या-सातव्या महिन्यात आलेली, हिमोग्लोबिन आठच्या आसपास, आणि पंधरा दिवसांत गावी जाणार, अशा बाईला गोळ्यांवर सोडण्यात अर्थ नाही. तिला शिरेतून लोह द्यावं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर १,००० मिलिग्रॅमपर्यंत २५० मिलिलिटर सलाइनमधून एका बैठकीत साधारण १५ मिनिटांत जातं, नंतर अर्धा तास डोळ्यांसमोर ठेवायचं. आयर्न सुक्रोजला दिवसाआड चार-पाच फेऱ्या लागतात आणि रोजंदारीवरची बाई दुसऱ्या फेरीला येत नाही. जिथे एकाच भेटीची खात्री आहे तिथे एका भेटीत संपणारंच औषध निवडावं. पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह नाही. आणि सुई शिरेत नीट नसेल तर कातडीखाली तपकिरी डाग पडतो, तो महिनोन्‌महिने राहतो. आधी साधं सलाइन सोडून बघा.

पाणवठा:
गावी जाणार म्हणालात. बहुतेक जणी सातव्या-आठव्या महिन्यात वास्कोहून लोंढामार्गे गाडीने माहेरी जातात. मग इथल्या नोंदी कुठे जातात?

अबोली:
कुठेच जात नाहीत, जर तिच्या हातात काही नसेल तर. माता-बाल संरक्षण पुस्तिका तिच्याकडेच राहिली पाहिजे. दवाखान्यात "सुरक्षित" ठेवून घेण्याची सवय मोडा. पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा आणि तपासण्यांच्या पानाचा फोटो तिच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून द्या. त्या पानांवर एवढं स्पष्ट वाचता आलं पाहिजे: रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन आणि तारीख, रक्तदाब, एचआयव्ही-सिफिलिस-हिपॅटायटिस बी, साखरेची तपासणी (७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह), धनुर्वाताच्या दोन्ही सुया, आणि आधी सिझेरियन झालं असेल तर ते वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने. दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या.

आणि एक प्रश्न विचारून ठेवा: "परत कधी येणार?" बहुतेक जणी बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत येतात. ती तारीख वहीत हवी. बाळाच्या लसी आणि पुढच्या गर्भनिरोधनाचं बोलणं, दोन्ही तिथे जुळतं.

करमल:
अडचणीच्या वेळी हलवण्याबद्दल लिहितो. १०८ येते, रस्ते बरे आहेत, पण काणकोणहून मडगावला करमल घाट उतरून यावं लागतं, मोले-कुळेहून फोंड्याला आणि पुढे बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. पावसाळ्यात हा वेळ वाढतो. त्यामुळे गाडीत बसवण्याआधी पहिल्या केंद्रावर काय दिलं यावर बरंच ठरतं.

झटके किंवा रक्तदाब १६०/११० च्या वर, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी: मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस हलवण्याआधीच. प्राथमिक केंद्रावर १० ग्रॅम स्नायूत, प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम खोल. ५० टक्क्यांची एक कुपी २ मिलिलिटरची असते आणि तिच्यात १ ग्रॅम औषध असतं, म्हणजे दहा कुप्या फोडाव्या लागतात. धावपळीत निम्म्याच फोडल्या जातात. म्हणून दहा कुप्या, दोन २० मिलिलिटरच्या सिरिंज आणि सुया एका पिशवीत आधीच बांधून ठेवा. दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा, नाहीतर पुढच्या ठिकाणी परत पूर्ण डोस दिला जातो किंवा भीतीने दिलाच जात नाही.

रक्तस्राव: बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, हे सगळ्यांना पाठ आहे. पाठ नाही ते असं की ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच टिकतं. प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये दिवसभर पडलेली कुपी दिसायला तशीच, पण ताकद गेलेली. लागेल तेवढीच कुपी फ्रिजमधून काढा.

दुसरं, रक्त नजरेने मोजलं की हमखास कमी मोजलं जातं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या दवाखान्यांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बाईखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं आणि मर्यादा ओलांडताच पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी एकापाठोपाठ न थांबता एकदमच सुरू करायचं. तीव्र रक्तस्राव, मोठं ऑपरेशन किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी उतरलं. यात महागडं यंत्र एकही नाही. ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, सावकाश, आणि बाळंतपणानंतर तीन तासांच्या आतच. उशीर झाला की उपयोग राहत नाही.

जगात २०२३ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपण-बाळंतपणात गेल्या, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत. यातला मोठा भाग रक्तस्राव आणि रक्तदाबाचा आहे, आणि दोन्हींची औषधं स्वस्त आहेत.

तांबडी माती:
आता पाळणा लांबवण्याकडे येऊ. बाळंतपण दवाखान्यातच होतंय, मग तिथेच तांबी (कॉपर-टी) बसवून मोकळं का होऊ नये? हे मत बरेच जण मांडतात.

रानजाई:
"मोकळं होणं" या विचारालाच माझा विरोध आहे. कळा सुरू असताना सही घेतली तर ती संमती नाही. बाईला घरी गेल्यावर कळतं आपल्या पोटात काहीतरी बसवलंय, नवरा-सासू भांडतात, ती खाजगीत जाऊन काढून घेते, आणि शेजारच्या दहा खोल्यांत तांबीचं नाव खराब होतं.

हे बोलणं तपासण्यांमध्ये व्हायला हवं, सातव्या महिन्यात आणि परत नवव्यात. पुस्तिकेवर तिने निवडलेली पद्धत लिहायची, "अजून ठरवलं नाही" हेही लिहायचं. प्रसूतीच्या वेळी फक्त "अजून तेच हवंय ना?" एवढं विचारायचं. नको म्हणाली तर नको.

तिला हवी असेल तर तांत्रिक बाजू अशी. वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत किंवा ४८ तासांपर्यंत बसवता येते. त्यानंतर सहा आठवडे थांबायचं, कारण मधल्या काळात निसटण्याचा आणि इजेचा धोका वाढतो. पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त झाले असतील, जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तस्राव थांबला नसेल तर बसवू नये. निसटण्याचं मुख्य कारण म्हणजे ती गर्भपिशवीच्या अगदी वरच्या टोकापर्यंत नेलेली नसते. लांब चिमट्याने वरपर्यंत न्यायची, दुसरा हात पोटावर ठेवून टोक जाणवलं पाहिजे, आणि चिमटा उघडा ठेवून कडेने बाहेर काढायचा. मिटून काढला की तांबी ओढली जाते. सहा आठवड्यांनी तपासणी. पिशवी आकसते तसा दोरा खाली येतो, लांब वाटला तर कापून देतात. बाईला आधी सांगितलं नाही तर दोरा लागला म्हणून ती घाबरते. तांबीचा ३८० ए हा प्रकार दहा वर्षं चालतो, ३७५ पाच वर्षं. हवी तेव्हा काढता येते आणि काढायला कुणाची परवानगी लागत नाही. हे शेवटचं वाक्य बसवतानाच सांगायचं.

पाणवठा:
ज्यांना तांबी नको त्यांना?

अबोली:
अंगावर पाजणाऱ्या बाईला: पूर्ण अंगावर पाजत असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि पाळी आली नसेल, तर या तिन्ही गोष्टी एकत्र असेपर्यंत संरक्षण असतं. कामावर जाणाऱ्या बाईत पहिली अट तीन महिन्यांतच मोडते, कारण बाळ मोठ्या बहिणीजवळ वरच्या दुधावर असतं. आणि ती मात्र पाळी आली नाही म्हणून निर्धास्त असते. लगेच परत दिवस जाण्यामागे मला हेच सगळ्यात मोठं कारण दिसतं.

छाया: ३० मिलिग्रॅमची गोळी, हार्मोन नाही, बाळंतपणानंतर लगेच चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. म्हणजे रविवार-बुधवार, आणि चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. चूक नेमकी इथे होते: चौथ्या महिन्यापासूनही ती दोनदाच घेते, किंवा पहिल्याच महिन्यात एकदा. पुड्यावर वार लिहून द्या. पाळी लांबते, हे आधी सांगा.

माला-एन (रोजची हार्मोनची गोळी): पाजणाऱ्या बाईला सहा महिन्यांपर्यंत देऊ नये.

अंतरा: गर्भनिरोधक सुई, १५० मिलिग्रॅम, स्नायूत, तीन महिन्यांनी एकदा. पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतर. कुपी नीट हलवायची, औषध तळाशी बसतं; न हलवता ओढलं तर डोस कमी जातो. सुई दिल्यावर जागा चोळायची नाही, शेक द्यायचा नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जाऊन तीन महिने पुरत नाही. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत दिली तर लगेच संरक्षण, नाहीतर सात दिवस निरोध. रक्तदाब १६०/१०० किंवा जास्त, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव: यांत देऊ नये.

रानजाई:
अंतराचा खरा प्रश्न पहिल्या सुईचा नाही, दुसऱ्या सुईचा आहे. पहिल्या तीन महिन्यांत अनियमित लाल जातं, नंतर पाळी बंद होते. हे न सांगता दिली की बाई परत येत नाही. रक्त साठून राहतं, विष होतं, असा समज आहे. मुळात पिशवीचं अस्तर जाड होतच नाही, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं, हे शांतपणे सांगावं लागतं. आणि बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात दुसरं मूल हवं असणाऱ्या बाईला हे माहीत नसेल तर ती वांझपणाच्या भीतीने खचते.

सांगून झालं की तिलाच परत सांगायला लावा. लमाणी बायकांना कन्नडही पुरतं येत नाही, आणि मान हलवली म्हणजे कळलं असं नसतं. तिने आपल्या शब्दांत सांगितलं तरच पुढे जा.

खाजन:
बाहेरचा एक दाखला इथे लागू पडतो. मलावीत अशीच सुई कातडीखाली स्वतः टोचून घ्यायला बायकांना शिकवलं आणि पुढच्या सुया घरी नेऊ दिल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षानंतर सुई चालू ठेवणाऱ्या ७३ टक्के, आणि दवाखान्यात येऊन घेणाऱ्यांत ४५ टक्के. औषध तेच, फक्त फेरी वाचली. बांगलादेशात मतलब भागात १९७७ पासून गावातल्याच शिकलेल्या बायका घरोघर जाऊन साधनं देत, तिथेही फरक घरापर्यंत पोचण्यानेच पडला. आपल्याकडे सुई घरी नेण्याची सोय सर्वत्र येईपर्यंत निदान सुई देण्याची वेळ तरी बदलावी. वेर्ण्यात शिफ्टमध्ये काम करणारी बाई सकाळी नऊ ते एक कधीच येऊ शकत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, पाच ते आठ, एवढं पुरे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीची, दर महिन्याची ९ तारीख चांगली आहे, डॉक्टर हमखास भेटतात, पण रोजंदारीवरच्या बाईचा तो एक खाडा असतो. तिला त्या दिवशी बोलावलंत तर रक्त, लघवी, सोनोग्राफीची चिठ्ठी, गोळ्या सगळं त्याच दिवशी झालं पाहिजे. "रिपोर्ट उद्या न्या" म्हटलं की तो रिपोर्ट पडून राहतो.

करमल:
खाड्यावरून आठवलं. कंत्राटी कामगार बाईलाही ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतो, पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर. प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. अट: आधीच्या दोन हप्ता-काळांत (एक काळ सहा महिन्यांचा) ७० दिवसांचं योगदान. कंत्राटदार दर काही महिन्यांनी नाव काढून नवीन नावाने भरती दाखवतो तेव्हा हे दिवस तुटतात. बाईने ईएसआय क्रमांक स्वतःजवळ लिहून ठेवावा आणि नव्या कंत्राटदाराला तोच द्यावा. नवीन क्रमांक काढू देऊ नये.

पाणवठा:
पुरुषांचं कुणी बोललंच नाही.

रानजाई:
बरोबर. देशात स्त्री नसबंदी सुमारे ३८ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के, हा फरक शरमेचा आहे. बिनटाक्याची शस्त्रक्रिया वीसेक मिनिटांत, जागा बधिर करून होते. दोन दिवस विश्रांती, जड उचलणं आठवडाभर नाही. ताकद जात नाही, कारण हार्मोन रक्तातून जातात, त्या नळीतून नव्हे. मात्र तीन महिने निरोध वापरायचाच आणि मग वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री करायची. ही तपासणी सुटते आणि दिवस गेले की संशय बायकोवर येतो, घरं मोडतात. तारीख लिहून द्या.

स्त्री असो की पुरुष, नसबंदीला जोडीदाराची सही लागत नाही. आकड्यांचं लक्ष्य ठेवून शिबिरात रांगेने शस्त्रक्रिया केल्या की काय होतं ते छत्तीसगडमधल्या बिलासपूरमध्ये २०१४ साली दिसलं, तिथे शिबिरानंतर बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. नसबंदी फसली तर भरपाई मिळते, पण कळल्यापासून ९० दिवसांत दावा करावा लागतो. म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा.

अबोली:
आणि नको असताना दिवस गेलेच तर: मेडिकलमधून गोळ्या आणून खोलीतच घेणं या वसाहतींमध्ये फार आहे. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही, आणि नळी फुटेपर्यंत कळत नाही. गोळ्यांचा मार्ग नऊ आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरच्या देखरेखीत. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही गटांना २४ पर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. गर्भनिरोधक फसलं हे कारण अविवाहितेलाही लागू आहे. १८ वर्षांवरील बाईची स्वतःची सही पुरे, नवऱ्याची मागणं अनावश्यक आहे आणि त्यासाठी तिला परत पाठवू नये. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक. गर्भपातानंतर लगेच, त्याच दिवशी, अंतरा किंवा तांबी घेता येते; तिला हवी असेल तर.

तांबडी माती:
शेवटचं विचारतो, कारण रोजच्या कामात हेच अडतं. अंतराची दुसरी तारीख चुकवून बाई आली तर काय करायचं? बऱ्याच ठिकाणी "पाळी आल्यावर या" म्हणून पाठवतात.

रानजाई:
पाळी येणारच नाही, कारण सुईनेच ती बंद झालेली असते. तसं सांगून पाठवलं की ती थेट गरोदर होऊनच परत येते.

ठरलेल्या तारखेच्या १४ दिवस आधीपासून २८ दिवस नंतरपर्यंत काहीही न तपासता सुई द्यायची. गावी जाणारी असेल तर १४ दिवस आधीची मुभा वापरा. २८ दिवस उलटले असतील तर लघवीची तपासणी करा, गरोदर नाही अशी वाजवी खात्री झाली की त्याच वेळी सुई आणि सात दिवस निरोध. खात्री होत नसेल तर निरोध हातात द्या, दोन-तीन आठवड्यांनी परत तपासणी, आणि ती तारीख तिच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा. कार्डावर पुढची तारीख लिहिताना एक तारीख लिहू नका, "या दिवसापासून या दिवसापर्यंत" असं लिहा. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीतून त्या महिन्यात येणाऱ्यांची नावं वेगळ्या पानावर उतरवून घ्या. शेवटच्या आठवड्यात ज्यांच्यापुढे खूण नाही त्यांना फोन. फोन नवऱ्याचा असतो, तेव्हा "बाळाच्या लसीची तारीख आहे, बायकोला पाठवा" एवढंच बोला. अंतराचं नाव फोनवर घेऊ नका.